नागपुरातल्या घरमालकांना खुले पत्र: 'फक्त फॅमिलीसाठी' ही पाटी लावण्याआधी

घरमालक काका-काकू,

सप्रेम नमस्कार.

मानेवाड्यापासून बेसापर्यंत, त्रिमूर्तीनगरापासून नंदनवनपर्यंत कुठल्याही गल्लीत शिरा, एखाद्या गेटवर पाटी दिसतेच: 'दोन खोल्या भाड्याने देणे आहे. फक्त फॅमिलीसाठी.' बॅचलर पोट्ट्यांचा धिंगाणा नको, हे समजतं. पण फॅमिली म्हणजे बहुतेक वेळा नवरा, बायको आणि एक रांगतं नाहीतर नुकतं पाऊल टाकायला लागलेलं लेकरू. दोन खोल्यांत दिवसातला सर्वांत जास्त वेळ तेच काढतं. डिपॉझिट ठरतं, पाणीपट्टी कोण भरणार ते ठरतं, गाडी कुठं लावायची तेही ठरतं. ते घर दोन फुटी माणसाला राहण्याजोगं आहे का, याचा विषय निघत नाही.

मी बरीच वर्षं दक्षिण नागपुरात पाळणाघर चालवते, तेही भाड्याच्याच जागेत. माझ्याकडच्या लेकरांचे आईबाप कुणी मिहानला, कुणी बुटीबोरीला, कुणी हॉस्पिटलात ड्युटीवर जातात. कुणाला दुपारी ताप भरला, कुणाच्या आईची बस चुकली, की पोराला घरी पोचवायला मी जाते. त्यामुळे या भागातली भाड्याची घरं मी आतून पाहिली आहेत. वरच्या मजल्यावर मालक आणि खाली भाडेकरू, किंवा मालक पुण्याला आणि किल्ली शेजाऱ्याकडे, दोन्ही तऱ्हा.

लहान मुलाला काही झालं की सगळी गल्ली आईला एकच प्रश्न विचारते: "तुझं लक्ष कुठं होतं?" तिचं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे होतं, दारातल्या सिलिंडरवाल्याकडे होतं, कधी स्वतःच्या डोळ्यांवर आलेल्या झोपेकडे होतं. माणसाचं लक्ष सुटतंच. पगार घेऊन, दुसरं काही न करता फक्त मुलांवर लक्ष ठेवायचं हे माझं काम आहे, तरी माझ्या पाळणाघरात दाराला उंचावर कडी आहे आणि बाथरूममध्ये बादली पालथी असते. लक्षावर सोडायच्या गोष्टी जेवढ्या कमी तेवढं बरं. आणि भाड्याच्या घरात यातल्या बऱ्याच गोष्टी आईच्या हातात नसतात. अर्थिंग तुमचं, टाक्याचं झाकण तुमचं, गॅलरीचा कठडा तुमचा. तिला तर भिंतीला खिळा ठोकायचीही परवानगी नसते. म्हणून हे पत्र तिला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

कूलरपासून सुरुवात करते, कारण होळी झाली की तो माळ्यावरून, गच्चीवरून खाली उतरेल. या गावानं २३ मे २०१३ ला ४७.९ अंश सोसले आहेत, पंचेचाळिशीचं तर कुणाला कौतुकही उरलेलं नाही. एसीचं बिल झेपत नाही त्या घरात लोखंडी पत्र्याचा चौकोनी कूलर असतोच, आणि बऱ्याचदा तो तुम्हीच घरासोबत दिलेला असतो. जुना, पण 'चालू कंडिशन'.

हा कूलर दोन वर्षांच्या पोराच्या जागेवरून बघा. स्टँडवर दाराशी ठेवलेला असेल तर त्याची टाकी बरोबर पोराच्या छातीशी येते. गार वारा, वाळ्याचा वास, आत पाण्याची झुळझुळ. त्यात जाळीजवळ तोंड नेऊन 'आऽऽऽ' केलं की आवाज थरथरत कानावर येतो. हा खेळ नागपुरात वाढलेल्या प्रत्येकानं खेळलेला आहे, तुम्हीसुद्धा. पोर दोन्ही तळवे पत्र्याला लावतं, नाक जाळीला चिकटवतं. पायात काही नसतं आणि पायाखाली ओलं असतं, कारण बादलीनं भरताना पाणी सांडतंच. शॉक बसायला जे जे लागतं ते सगळं तिथं एका जागी जमलेलं असतं.

आत काय चाललेलं असतं? टाकीतला तो मुठीएवढा पंप दिवसरात्र पाण्यात बुडालेला. दोन-चार उन्हाळे झाले की त्याच्या वायरीचं आवरण कडक होतं, तडकतं, गच्चीवर पडून असताना उंदीर कुरतडतात ते वेगळंच. तिथून करंट पाण्यात उतरतो आणि पाण्यातून पत्र्यात. पायात चप्पल असलेल्या मोठ्या माणसाला नुसत्या झिणझिण्या येतात. मग तो म्हणतो, "थोडा करंट मारते जी, काही नाही होत." हे वाक्य मी मालकांकडून ऐकलंय, भाडेकरूंकडून ऐकलंय, आणि हद्द म्हणजे वायरमनकडूनही ऐकलंय. कोरड्या हाताच्या, चप्पल घातलेल्या माणसाला जो थोडा, तोच ओल्या हातांच्या, अनवाणी, दहा-बारा किलोच्या पोराचा जीव घ्यायला पुरतो. ओल्या कातडीतून करंट सहज शिरतो. थोडा वाढला की हाताचे स्नायू आवळले जातात, मग सोडायचं म्हटलं तरी पकड सुटत नाही. साधारण ३० मिलिअँपिअरच्या पुढे हृदयाचे ठोकेच बिघडू शकतात. अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर. असे ३० म्हणजे किती? सात वॅटचा बल्ब साधारण तेवढ्यावर जळतो.

"आमच्याकडे एमसीबी आहे ना," हे ठरलेलं उत्तर. एमसीबी वायरिंगला जळण्यापासून वाचवतो. तो सहा, दहा, सोळा अँपिअरचा असतो आणि त्याहून जास्त करंट ओढला गेला तरच पडतो. पोराच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या हिशेबात धरण्याइतकाही नसतो. माणसासाठी वेगळं यंत्र असतं, आरसीसीबी. जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. लाइनमधून गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा तो सतत मेळ घालत असतो, आणि ३० मिलिअँपिअरची तूट दिसली की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. घेताना ३० मिलिअँपिअरचाच मागा. १०० आणि ३०० वालेही दुकानात असतात, ते आगीपासून बचावासाठी, माणसाला त्यांचा उपयोग नाही. बसवून घ्यायचा सगळा खर्च बहुतेक ठिकाणी दोन खोल्यांच्या एका महिन्याच्या भाड्याहून कमीच येतो.

काही घरांत तो होता आणि आता नाही. पावसाळ्यात भिंत ओलावली, तो सारखा पडायला लागला, लोकांनी कटकट केली, वायरमननं डायरेक्ट जोडून दिलं. अहो, तो पडत होता कारण कुठून तरी करंट गळत होता. बोंब मारणाऱ्यालाच घराबाहेर काढलं.

अर्थिंगचं, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या तारेचं, तर विचारूच नका. पूर्वी लोक कूलरची हिरवी वायर नळाच्या पाइपाला गुंडाळायचे. तेव्हा पाइप लोखंडी होते, जमिनीत दूरवर गेलेले होते, कसंबसं भागायचं. आता नळ प्लॅस्टिकचे झाले, वायर मात्र अजून तिथंच गुंडाळलेली आहे. काही ठिकाणी सॉकेटच्या आतच अर्थिंगचा पॉइंट न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेला, जोडलेला सापडतो. वरवर बघता तीन पिनचं सॉकेट, सगळं व्यवस्थित. पण कधी न्यूट्रल तुटली तर त्याच तारेतून करंट सरळ कूलरच्या पत्र्यावर येतो. हे सगळ्यांत वाईट. आणि ज्यांच्याकडे अर्थिंगचा खरा खड्डा आहे त्यांनीही एक लक्षात घ्यावं. आपली काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. कोरड्या मातीत अर्थिंग नीट काम करत नाही. म्हणजे कूलर जेव्हा चोवीस तास चालतो, नेमकं तेव्हाच अर्थिंग सर्वांत कमजोर असतं. खड्ड्यात दर काही दिवसांनी बादलीभर पाणी टाकायचं, इतकी साधी गोष्ट आहे. कुंड्यांना घालता तसं तिथंही घाला. खड्डा कुठं आहे हे माहीत नसेल तर आधी तो शोधा.

तीन पिनच्या प्लगची वरची जाड पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे लावताना अर्थिंग सगळ्यांत आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावं. ती सॉकेटात शिरत नाही म्हणून कापून टाकलेली मी पाहिली आहे. प्लगच नसलेला कूलरही पाहिला आहे, वायरीची दोन सोललेली टोकं भोकांत खुपसून वर काडेपेटीच्या काड्या ठोकलेल्या. खोलीत खाली सतरंजीवर आठ महिन्यांचं बाळ रांगायला शिकत होतं आणि सॉकेट जमिनीपासून वीतभर उंचीवर. तो बोर्ड तिथं कुणी बसवला? भाडेकरूनं नाही.

आमच्या गल्लीत एक रिटायर्ड आजोबा आहेत, तीन भाडेकरू ठेवतात. एक तारखेला भाडं घ्यायला खाली आले की आधी बोर्डाजवळ जातात आणि आरसीसीबीवरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबतात. खटकन वीज गेली की "चालू आहे" म्हणतात, परत वर करतात, मग पैसे मोजतात. भाडेकरूंच्या बायका हसतात त्यांना. माझ्या मते महिन्याच्या भाड्यातला निम्मा हक्क त्यांनी त्या बटणावरच कमावला. बटण दाबूनही वीज गेली नाही तर ते यंत्र निकामी समजायचं आणि बदलायचं, एवढंच ज्ञान त्याला लागतं.

भाडेकरूही धुतल्या तांदळासारखे नाहीत, हे मान्य. कुठून तरी सेकंडहँड कूलर आणतात, चालू कूलरमध्ये पाणी ओततात. प्लग काढल्याशिवाय टाकीत हात घालायचा नाही, हे महावितरण दर उन्हाळ्यात सांगून थकतं. पण तुमचा आरसीसीबी जागेवर असेल तर बहुतेक वेळा त्यांची चूक चूकच राहील, तिची तिरडी होणार नाही.

कूलरचा दुसरा अध्याय जूनमध्ये सुरू होतो. पाऊस पडला की कूलर बंद, पण टाकीत चार बोटं पाणी तसंच. मग तो गच्चीवर जातो, त्यात पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूच्या डासाचा पाळणा हलतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून महापालिकेची माणसं आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा म्हणतात. यातली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर टाकीच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पुढच्या वेळी पाणी भरलं की फुटतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही, टाकी आतून काथ्यानं नाहीतर ब्रशनं खसाखसा घासावी लागते. हा डास दिवसा चावतो, म्हणजे माझी पोरं दुपारी झोपलेली असतात तेव्हा. गच्चीची किल्ली तुमच्याकडे असते. वरचा अडगळीतला कूलर, फुटकी सिंटेक्सची टाकी, जुने टायर, हे भाडेकरूची बाई कशी घासणार?

आता टाकं. नळाचं पाणी भरून ठेवायचं जमिनीखालचं टाकं अंगणात नाहीतर जिन्याखाली असतं. त्यावर पत्र्याचं झाकण, एका कोपऱ्याला गंजून वाकलेलं, वर एक वीट ठेवलेली. त्या विटेवर आपला किती विश्वास! तीन वर्षांचं पोर वीट सरकवतं, कारण विटेखाली किडे असतात आणि किडे बघणं हे त्याचं सध्याचं काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार २०२३ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती. त्यासाठी नदी-तलाव लागत नाही. लहान पोराचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं, ते बादलीत वाकलं की तोल पुढे जातो आणि हातांत परत उठायची ताकद नसते. ओरडणं नाही, धडपड नाही. शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला काही कळत नाही.

झाकण बिजागरीचं करा, कडी लावा, कुलूप घाला. झाकणाच्या खाली लोखंडी जाळी बसवली तर झाकण उघडं राहिलं तरी पोर आत जात नाही. वेल्डरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि देव न करो, पण कुणाचं पोर पाण्यातून काढावं लागलंच तर त्याला उलटं धरून गरगर फिरवायचं, पोट दाबून पाणी काढायचं, हे प्रकार गल्लीत कुणालाही करू देऊ नका. त्यात जाणारी मिनिटं त्याच्या श्वासाची असतात. श्वास चालू नसेल तर तोंडानं श्वास द्यायचा, छाती दाबायची आणि दुसऱ्यानं तोवर १०८ ला फोन लावायचा. हे शिकलेला एक माणूस प्रत्येक गल्लीत असावा असं मला फार वाटतं, पण तो विषय या पत्राचा नाही.

गॅलरीच्या कठड्याबद्दल थोडक्यात. आडव्या पट्ट्यांचे स्टीलचे कठडे सध्या फॅशनमध्ये आहेत, दिसतातही छान. पोरासाठी ती शिडी आहे. उभे गज लावा आणि दोन गजांत चार इंचांहून जास्त फट ठेवू नका. आधीच आडवे असतील तर आतून जाळी लावून घ्या, निदान भाडेकरू लावतो म्हणतो तेव्हा "भिंतीला भोकं पडतात" म्हणून अडवू नका. भोकं पुट्टीनं बुजतात. गच्चीचं दार संक्रांतीच्या आठवड्यात तरी कुलपात ठेवा, नाहीतर मोठ्या माणसासोबतच वर जाऊ द्या. पतंगाकडे बघत मागे-मागे सरकणारं पोर कठडा कुठं संपतो ते बघत नाही. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ सालीच बंदी घातली, तरी जानेवारीत तो गच्च्यांवर आणि तारांवर लोंबकळतो. तुमच्या गच्चीवर तो उडवला जातोय का, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

थंडीचं वेगळं. २९ डिसेंबर २०१८ ला इथं पारा ३.५ अंशांवर गेला होता, तेव्हा गरम पाण्याशिवाय लेकराची आंघोळ नाही. मालक म्हणतात विजेचं बिल नको, गॅस गीझर घ्या, आणि तो बाथरूमच्या आत बसवतात. खिडकी वीतभर, तीही थंडीमुळे लावलेली. बंद जागेत गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. आई बाळाला घेऊन आत जाते, कडी लावते, चक्कर येतेय हे कळेपर्यंत दार उघडायचं त्राण उरत नाही. लहान मुलाचा श्वास भराभर चालतो, म्हणून त्याच्या अंगात हा वायू आधी भिनतो. गॅस गीझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि पाइप आत न्यायचा. इथं मधला मार्ग मला दिसत नाही. ज्यांनी आत बसवलाय त्यांनी तो काढून बाहेर लावावा, या डिसेंबरच्या आधी.

आणि एक गोष्ट आहे जी बोलायला लोक संकोचतात, कारण ती मालकाच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातली आहे. एप्रिल-मेमध्ये आपण वर्षाचा गहू भरतो. कोठीत कीड लागू नये म्हणून काही जण फडक्यात बांधून त्या करड्या गोळ्या टाकतात, ओळखीच्या कृषी केंद्रातून आणलेल्या. त्या गोळीचं नाव अॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या दमटपणानं त्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. त्यावर उतारा नाही, कुठल्याच हॉस्पिटलात नाही. ती गोदामांसाठी आहे, तीही शिकलेल्या माणसाच्या हातानं, माणसं राहत नसलेल्या जागी. तुमची गव्हाची खोली आणि भाडेकरूची झोपायची खोली यांच्यात एक दार असतं, नाहीतर वरचा झरोका सामाईक असतो. मोठ्यांना मळमळतं, पोर रात्रीतून जातं, आणि सकाळी लोक म्हणतात काल बाहेरचं खाल्लं असेल. ढेकणांसाठी या गोळ्या गादीखाली ठेवणारेही आहेत, त्यांना तर हात जोडून सांगते, करू नका. गहू कडक उन्हात दोन दिवस वाळवा, एरंडेल चोळा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, घट्ट झाकणाच्या कोठीत भरा. आपल्या सासवांनी दुसरं काय केलं होतं? एवढं करून चार किडे झाले तर चाळून घ्या.

सर्वांत वरच्या मजल्यावर किंवा टिनाच्या खोलीत भाडेकरू असेल तर स्लॅबला मार्चमध्येच चुना मारा. पांढरा चुना ऊन परतवतो, खोली दोन-तीन अंशांनी तरी उतरते. रात्री अकरालाही तापलेल्या स्लॅबखाली झोपलेलं तान्हं बाळ 'गरम होतंय' असं सांगू शकत नाही, ते किरकिर करतं, दूध सोडतं, लघवी कमी होते, आणि आई समजते दात येत असतील. आणि जुन्या खिडकी-गजांचे रंगाचे पोपडे खरवडून पुन्हा रंगवा. ऑइलपेंटमधल्या शिशावर कायद्यानं मर्यादा येऊन ती लागू झाली नोव्हेंबर २०१७ पासून, त्याआधीच्या रंगांचा भरवसा देता येत नाही, आणि दात येणारं पोर खिडकीचा गज चावतंच. खरवडताना मात्र त्या कुटुंबाला दोन दिवस बाहेर पाठवा. ती धूळच जास्त वाईट.

हे सगळं ऐकलं की बरेच जण म्हणतात, "आमच्या काळी यातलं काही नव्हतं, आमची पोरं नाही वाढली का?" वाढली, काकू. जी वाढली तीच आज हे सांगायला आहेत. आणि तुमच्या काळी घरात आजी होती, काकू होती, अंगणात चार डोळे जास्त होते. आता दोन खोल्यांत एकटी पंचवीस वर्षांची मुलगी आहे, माहेर यवतमाळला आणि सासर भंडाऱ्याला. तेव्हा कूलरही घराघरांत नव्हता, गॅस गीझर तर नव्हताच.

दुसरा आक्षेप पैशाचा. घर बांधताना कर्ज काढलं, भाडं येतं किती, त्यात हे खर्च. तुमचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. सगळं एका वर्षी करा असं मी म्हणतही नाही. गॅस गीझर आणि गव्हाच्या गोळ्या यांना तर जवळजवळ खर्चच नाही. आरसीसीबी आणि टाक्याचं झाकण यंदा, कठडा पुढच्या वर्षी, असं केलंत तरी चालेल. भाडेकरूकडून अर्धे पैसे मागा, मी कितीतरी आयांना ओळखते ज्या आनंदानं देतील. त्यांना फक्त मालकाला विचारायची भीती वाटते. "फार कटकट करते, अकरा महिने झाले की खोली सोडायला सांगू," हे वाक्य त्यांच्या कानावर कधी ना कधी पडलेलं असतं.

त्या अकरा महिन्यांच्या करारावरूनच शेवटचं मागणं आहे. करारनाम्याच्या मागच्या पानावर तुम्ही सामानाची यादी लिहिता: पंखे दोन, ट्यूबलाइट तीन, गीझर एक, कूलर एक चालू स्थितीत. त्याच यादीत तीन ओळी वाढवा. आरसीसीबी ३० मिलिअँपिअर, बटण दाबून दाखवला. अर्थिंग वायरमनकडून तपासलं, तारीख अमुक. टाक्याला कुलूप, किल्ली भाडेकरूकडे एक आणि मालकाकडे एक. दोघांच्या सह्या. नोटरीला त्याचे जास्तीचे पैसे पडत नाहीत.

वायरमनला मात्र आजच फोन करा. होळी झाली की सगळ्या नागपूरचे कूलर एकाच आठवड्यात बाहेर निघतात, आणि मग तो गुढीपाडव्यापर्यंत तुमचा फोन उचलत नाही.

आपली,
मानेवाडा भागात पाळणाघर चालवणारी एक भाडेकरू